नाना पेठेतला नाताळ

कोथरूडकराला पुण्याचा पूर्व भाग स्टेशनला जाताना रिक्षातून दिसतो तेवढाच माहीत असतो. माझी शाळेपासूनची मैत्रीण नाना पेठेतली, पण आमच्या भेटी कायम डेक्कनला. या डिसेंबरात तिचा फोन आला, "आत्याला आता शिडीवर चढवत नाही. घर सजवायला हात हवेत, ये." पाठोपाठ यादी आली: पतंगी कागद, सुतळी, बांबूच्या कामट्या, रांगोळीचे चार रंग. वनाजला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलून जमिनीखाली गेले आणि मंडईला वर आले.

पहिला मुक्काम रविवार पेठेतली बोहरी आळी. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे तीन सण एकाच दोरीवर लटकत असतात. दिवाळीत उरलेले आकाशकंदील, त्यांच्या शेजारी नाताळच्या लाल टोप्या आणि त्यांना खेटून संक्रांतीचे हलव्याचे दागिने. पतंगी कागद ढिगाने होता, तो अर्थात संक्रांतीसाठी. चांदणी घरी करायची म्हटल्यावर दुकानदाराने घडीची तयार चांदणी पुढे केली. "कामट्या कोण बांधत बसतंय ताई आता?" बाहेर फुटपाथवर थर्माकोलचे हिममानव ओळीने उभे होते. 2018 च्या बंदीने गणपतीच्या मखरातून हुसकावलेले थर्माकोल नाताळात बर्फ होऊन परत आलेले दिसते. आत्याच्या यादीत बर्फ नव्हता. पुण्यात पडतही नाही.

तिथून चालत गुरुवार पेठ. या वस्तीला चालतच जावे. एका अंगाला गंज पेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा, दुसऱ्या अंगाला पंचहौद मिशन, आणि मधल्या गल्ल्यांत लोखंडाची दुकाने, तालमी, पिठाच्या गिरण्या. पवित्र नाम देवालयाचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा उभा आहे आणि गल्लीच्या वळणावरूनच दिसू लागतो. देवालय 1885 सालचे, मनोऱ्यात आठ घंटा. आवारात तरुण मंडळी हार्मोनियम आणि ढोलकी घेऊन नाताळच्या गाण्यांची तालीम करत होती. ही टोळी नंतर रात्री घरोघर फिरते, आणि ज्या घरी जाईल तिथे करंजी खाल्ल्याशिवाय निघत नाही.

याच मिशनमध्ये 1890 साली शहरातल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली आणि पुणे हादरले. टिळक होते, रानडे होते. कुणी चहा प्यायला, कुणी नुसताच कप हातात धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि मिशनऱ्यांच्या हातच्या चहाचे हे ग्रामण्य शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे प्रायश्चित्ते झाली. आवारातल्या एका काकांनी मला कटिंग दिला. मी तो बिनघोर प्यायले.

नाना पेठेत शिरताना सिटी चर्च लागते. चर्च म्हणजे इंग्रजांबरोबर आलेली वस्तू अशी आपल्याकडे समजूत आहे. या चर्चचा सन मात्र 1792. तेव्हा पुण्यावर सवाई माधवराव पेशव्यांचे राज्य होते, आणि त्यांच्याच फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी, त्यांत गोव्याकडचे पुष्कळ, त्यांनी ही जागा दिली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढायला अजून पंचवीस वर्षे होती. पुण्याचा नाताळ कॅम्पात जन्मला असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा इथवर यावे.

आत्याचे घर दुमजली, वर मंगलोरी कौले, मधोमध सागवानी जिना. तिचे आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. शेजारच्या दोन्ही जुन्या घरांच्या जागी आता इमारती आल्यामुळे हे घर दोन उंच माणसांच्या मधे बसलेल्या आजीसारखे दिसते. दारातच आत्याने नियम सांगितला. "खिळा एकही मारायचा नाही. लाकूड आजोबांचं आहे." मग सगळे सुतळीने. झोपाळ्याच्या कड्या, पडवीचे खांब, जिन्याचा कठडा, जुन्या कंदिलाचे आकडे, जिथे म्हणून गाठ बसेल तिथे पताका बांधायच्या. विजेच्या बाबतीतही ती कडक आहे. वायरिंग जुने, म्हणून दिव्यांची एकच माळ, तीही झोपताना बंद.

माळ्यावरून ट्रंक उतरली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे गोळे, काहींचा मुलामा उडालेला, रंगीत कागदाच्या साखळ्या आणि तळाशी मातीची चित्रे. चित्रे पाहून मी खालीच बसले. बाळाला भेटायला आलेल्या मेंढपाळांच्या डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मास्तरांनी ती कुंभारवाड्यातून करवून घेतली होती, आणि घडवणाऱ्याने आयुष्यात पाहिलेले धनगर घडवले. एका मेंढीचा कान शाडूने पुन्हा लावला आहे. मरीया नऊवारीत नाही, पण पदर डोक्यावरून आहे.

अशा चित्रांची गव्हाणी मांडणे हे खरे तर कॅथलिकांचे. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून ती पहिल्यांदा मांडली, असे मानतात. आत्याचे घर प्रॉटेस्टंट. "शेजारी गोवेकर होते, त्यांच्याकडून आईने घेतलं," ती म्हणाली. "त्यांनी आमच्या चकल्या घेतल्या." गव्हाणीभोवतीच्या हिरवळीसाठी तिने परातीत आठ-दहा दिवस आधी गहू पेरले होते. नवरात्रात घटाभोवती उगवतात तसेच लुसलुशीत पोपटी कोंब वर आले होते. झाडाचे काम इथे सुरूच्या फांदीवर भागते. ती रांगोळीच्या डब्यात वाळू भरून उभी केली. फांदी एका बाजूला कलली, पण आत्याला ती तशीच हवी होती.

चांदणी हे मात्र अवघड काम निघाले. कामट्यांचे दोन पाच-टोकी सांगाडे करायचे, टोके एकमेकांना बांधायची आणि मधे आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचे. खळ आत्याने मैद्याची शिजवली होती. मैत्रिणीचा भाऊ सांगाडा बांधत होता, आम्ही कागद कापत होतो. आकाशकंदील करणाऱ्या हाताला हे नवे नाही. चांदणीच्या कडीला दिवाळीत या घराचाही कंदील असतो. तो उतरतो आणि चांदणी चढते, वायर आणि होल्डर तेच.

स्वयंपाकघरातही दिवाळीच होती. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. केकचे पीठ एका बाजूला मुरत होते. पूर्वी घरोघरचे डबे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत जात आणि कुणाचा डबा कुणाच्या घरी गेला यावर वर्षभर बोलणी चालत. आता ओव्हन आहे, म्हणून भांडण नाही. "आणि चवही नाही," आत्याने निकाल दिला. मला केक उत्तम लागला, पण तिच्या घरात बसून तिचा निकाल कोण फिरवणार?

दिवेलागणीला उंबऱ्यासमोर तिने स्वतः ठिपक्यांची रांगोळी काढली, मधे तारा. गुडघे दुखत असताना हे काम कुणाला दिले नाही. समोरच्या इमारतीतल्या वहिनी खाली आल्या आणि तिळाचे दोन लाडू ठेवून करंज्यांचा डबा घेऊन गेल्या. संक्रांत लांब होती, पण या गल्लीत देवाणघेवाण तिथीची वाट पाहत नाही.

परतताना कॅम्पातून आले. महात्मा गांधी रस्त्यावर रोषणाई झगमगत होती, मुले लाल टोप्या घालून फोटो काढत होती, ईस्ट स्ट्रीटला बेकरीपुढे रांग होती. छान आहे ते, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण ती बाजारपेठेची सजावट. ती जगात कुठेही अशीच असते, आणि तिथल्या मेंढपाळांच्या अंगावर घोंगडी नसते.

पुण्यातला नाताळ बघायचा तर 25 तारखेच्या गर्दीत कॅम्पात रेटारेटी करू नका. एक-दोन दिवसांनी मंडईला उतरा आणि पंचहौदावरून नाना पेठेकडे चालत जा, रमतगमत अर्धा-पाऊण तास लागतो. ओळखीचे ख्रिस्ती घर असेल तर दार वाजवा. चांदणी आणि गव्हाणी 6 जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, असतात. करंज्या मात्र तोवर टिकत नाहीत.