मिरेयोच्या वाटेने

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांत पाहायला निघालेला प्रवासी बहुधा व्हॅन गॉगचे पिवळे ऊन डोळ्यांत घेऊनच तिथे उतरतो. २००१ साली अतिवेगवान रेल्वेमार्ग भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचला, तेव्हापासून पॅरिसहून मार्सेय जेमतेम तीन-सव्वातीन तासांवर आले आहे. आम्ही मात्र आर्लला मुक्काम करून संथ गाड्या पत्करल्या, कारण आम्हांला फ्रेदेरिक मिस्त्रालच्या ‘मिरेयो’चा मुलूख पाहायचा होता.

१८५९ साली प्रसिद्ध झालेले हे बारा सर्गांचे काव्य प्रोव्हान्साल भाषेतले. संपन्न शेतकऱ्याची मुलगी टोपल्या विणणाऱ्याच्या पोरावर जीव लावते, आईबाप नकार देतात, आणि ती क्रोचा माळ तुडवीत समुद्रकाठच्या सांत-मारीच्या देवळाकडे धावत सुटते. वाटेत तिला ऊन बाधते व त्या देवळात पोहोचल्यावर तिचा अंत होतो. वाचताना हा शेवट आम्हांला थोडा सोयीस्कर वाटला होता. आर्लहून मार्सेयला जाणारी गाडी क्रोवरून धावू लागली आणि तो आक्षेप गळाला. दुरांस नदीने एके काळी आणून टाकलेल्या गोट्यांचा हा सपाट माळ. गवत खुरटे, सावलीला झाड नाही. इथली मेंढरेसुद्धा उन्हाळ्यात आल्प्सवर नेतात!

या काव्याच्या पहिल्याच आवृत्तीत मूळ ओळींसमोर कवीने स्वतः केलेले फ्रेंच भाषांतर छापलेले होते. आपल्या भाषेत लिहायचे आणि शेजारी राजभाषेचा दुभाषा उभा करायचा, ही दूरदृष्टी म्हणावी की शरणागती? यावर आमच्यात अजून एकमत नाही. पुढे सक्तीच्या शाळांनी फ्रेंचच शिकवले. घरची बोली बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. मिस्त्रालने दोन खंडांचा कोश रचला. १९०४ च्या नोबेल पारितोषिकातील आपला अर्धा वाटा त्याने आर्लच्या लोकजीवन-संग्रहालयाला प्रशस्त जागा मिळवून देण्यात खर्चला. नोबेलचा पैसा पोशाखांवर आणि अवजारांवर घालणारा कवी आम्हांला फार मोठा वाटतो. पण काचेआड ठेवलेल्या वस्तू पाहताना मन खट्टू होते, हेही खरेच.

सांत-मारीला रेल्वे जात नाही. आर्लहून बसने कामार्गची दलदल, भातशेती आणि पांढरे घोडे पाहत आम्ही तिथे गेलो. या भागात अनेक गावांच्या वेशीवरच्या पाट्यांवर दोन नावे असतात, एक फ्रेंच आणि एक प्रोव्हान्साल. बसभर गप्पा चालल्या होत्या. आमच्या कानांवर आली ती फक्त फ्रेंच.