मुळावर सही कोणाची?

चिखलीतल्या छोट्या वर्कशॉपमध्येही मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला लावलेलं असतं. मायक्रोमीटर ताडायचा मास्टरशी, मास्टर मान्यताप्राप्त लॅबमध्ये, आणि ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला जाऊन टेकते. चाकणला माल स्वीकारला जातो तो तिच्याच भरवशावर.

अशाच एका वर्कशॉपमधला सर्व्हर उघडला की ब्राउझर धोक्याचा इशारा द्यायचा आणि पोरं न वाचता पुढे जायची. मला भीती त्या सवयीची होती. उद्या खरंच कोणी मध्ये घुसलं, तरी इशारा तसाच दिसणार.

आतल्या नेटवर्कच्या खाजगी आयपीला बाहेरून सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणून ओपनएसएसएल घेतलं. आधी मूळ किल्ली आणि तिचं सर्टिफिकेट. मग सर्व्हरची वेगळी किल्ली, तिचा अर्ज, आणि अर्जावर मूळ किल्लीनं सही. कमांड चार-पाचच. सही झाल्यावर एक अक्षर बदललं, तरी ती जुळत नाही. मूळ सर्टिफिकेट प्रत्येक पीसीवर बसवलं. मूळ किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलूपबंद केली.

क्वालिटीच्या ताईंनी विचारलं, "सर, मुळावर सही कोणाची?"

"त्याची स्वतःचीच."

"म्हणजे आपलं इन्स्पेक्शन आपणच!"

खरंय. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 खालच्या डिजिटल सह्यांची साखळीही नियंत्रकाच्या मूळ सर्टिफिकेटपाशी थांबते, आणि त्यावर सही त्याचीच. सही जुळते की नाही, एवढं गणित सांगतं. सही करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, ते माणसांनी ठरवायचं. आमच्याकडे तो प्रश्न कपाटाची चावी कोणाकडे, इथं येऊन थांबतो.