परत पहिल्यापासून

गुरुजींनी वर केलेला तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पंजा सरळ, बोटं जुळलेली, मनगटावर दर्भाची काडी चिकटलेली. तोंडाने काही बोलले नाहीत. वाहनं थांबवायला हवालदार करतो, तसा हात.

सासरचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. नवरात्र कुळाचाराचं, म्हणजे घट, अखंड दिवा, रोजची माळ, सप्तशतीचा पाठ. पुण्यामुंबईहून सगळे जमतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पुण्यात एका बाईंकडे सूक्तं शिकायला लागले होते. पुरुषसूक्त झालं, श्रीसूक्त झालं, मग देवीसूक्त. पुण्यात याचं कुणाला नवल नाही. मामा थत्त्यांनी सत्तरच्या दशकात तिथे बायकांना पौरोहित्यच शिकवायला घेतलं होतं. देवीसूक्त म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 125वं. आठच ऋचा, पण दुसरी जगती छंदात आणि बाकीच्या त्रिष्टुभात, त्यामुळे दुसरीत हमखास ठेच लागते. मला चार महिने लागले.

अष्टमीला तेरावा अध्याय संपला आणि गुरुजींनी देवीसूक्ताचा विनियोग सांगितला. ऋषी, देवता, छंद. मी देवघराच्या उंबऱ्याशी बसून वाती वळत होते. शेजारी जाऊबाई फुलोऱ्याच्या कडाकण्या दोऱ्यात ओवत होत्या. गुरुजी वयाने लहान, पस्तिशीचे असतील. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चार घरचे पाठ करून घसा पार बसलेला. चौथ्या ऋचेला त्यांना ठसका लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

आणि मी पुढे म्हणायला लागले.

ठरवून नव्हे, हे मी शपथेवर सांगते. शेजारचा बोलता बोलता अडला की आपण त्याचा शब्द पुरा करतो ना, तसं. चौथी पुरी झाली, पाचवी अर्धी झाली. हातात वात तशीच होती. त्या दीड ऋचेत मला ना स्वर आठवावे लागले, ना अक्षराखालची आडवी रेघ, ना डोक्यावरची उभी. क्लासमध्ये मी इतकी वर्षं म्हणतेय, तिथे माझं सगळं लक्ष रेघांवर. चराचरात एकच चैतन्य वगैरे मला तिथे एकदाही जाणवलेलं नाही, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मात्र मी नव्हतेच. आवाज होता, दिवा होता, कडाकण्यांचा तळणीचा वास होता.

मग तो हात वर आला, आणि मी परत मी झाले.

गुरुजींनी पाणी प्यायलं, आचमन केलं, आणि शांतपणे म्हणाले, "परत पहिल्यापासून." मला नव्हे, स्वतःला. म्हणजे माझ्या तोंडून गेलेल्या दीड ऋचा तर बाद झाल्याच, शिवाय त्यांच्या स्वतःच्या चांगल्या तीनही बाद! धाकटे दीर हळूच म्हणाले, "वहिनी, नंतर म्हणा ना." जाऊबाईंनी मान खाली घालून कडाकणी ओवली, ती मोडली.

जेवणं झाल्यावर मी विचारलंच. "गुरुजी, या सूक्ताचा ऋषी कोण म्हणालात?"

"वागाम्भृणी."

"म्हणजे कोण?"

"अम्भृण ऋषींची कन्या, वाक्." आणि मग हसून, "काकू, ती ऋषिका हो. तुम्ही-आम्ही कुठे?" ओटीवरचे सगळे हसले. मीसुद्धा हसले, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. पुढे त्यांनी त्वष्ट्याची गोष्ट सांगितली. एक स्वर चुकला, आणि इंद्राला मारणारा मुलगा मागायच्या जागी इंद्राकडून मरणारा मागितला गेला. तो मुलगा, वृत्र, मेला. तेव्हा ज्याचं काम त्याने करावं. "मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं," हेही वर होतंच.

उत्तर मला सुचलं रात्री, अंथरुणावर पडल्यावर. अहो, ते पाचव्या ऋचेतच आहे! ती वाक् स्वतः सांगते की ज्याच्यावर माझी मर्जी, त्याला मी ऋषी करते. मधे ना गोत्र, ना शास्त्र, ना गुरुजी. मी नेमकी त्याच ऋचेच्या मध्यावर थांबवली गेले होते. आणि तिच्या आधीची, ज्या ऋचेत त्यांना ठसका लागला ती? अन्न खाणारा, पाहणारा, श्वास घेणारा, सांगितलेलं ऐकणारा, हे सगळे माझ्यामुळेच, आणि ते माझ्याच आसऱ्याला आहेत, पण त्यांना ठाऊक नाही, अशा अर्थाची. घरभर माणसं जेवली, श्वास घेतला, ऐकलं. कुणाला ठाऊक होतं? मला तरी?

हे सूक्त मला इतरांहून वेगळं वाटतं ते याचसाठी. पुरुषसूक्तात विश्व म्हणजे एक पुरुष, पण तो समोर ठेवून वर्णन केलेला. मनातून चंद्र, डोळ्यातून सूर्य, पायातून भूमी. त्याच सूक्तात पायातून शूद्रही, आणि त्या पायांवरून काय काय झालं ते आपण जाणतो. पायातून भूमीही आली, हे मात्र त्या वादात विसरू नये. देवीसूक्ताच्या चारच सूक्तं पुढे, 129व्यात, नासदीय. तिथे तर वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नाही, अशी शंका. आणि इकडे ही बाई सरळ 'मी' म्हणते. मी रुद्रांबरोबर फिरते, रुद्राचं धनुष्य मीच ताणते, बापाला मी जन्म देते. ऋषी तीच, देवता तीच. हा अहंकार म्हणायचा की काय? मला वाटतं अहंकार नव्हे. पण मग मला ज्या क्षणी 'मी' नव्हता तेव्हाच ते म्हणता आलं, त्याचं काय करायचं? हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी दुसरी ऋचा सुधारा."

ज्यांना शिकायचंय त्यांना एक सांगते, मोबाइलवर ऐकून शिकू नका. समोर माणूस हवा, चूक झाली की तोंडाकडे बघणारा.

गेल्या महिन्यात बाई आजारी होत्या म्हणून क्लास मी घेतला. एक नवी मुलगी, ऑफिसातून डबा घेऊन थेट आलेली. डोळे मिटून म्हणत होती, छान लागला होता आवाज. दुसऱ्या ऋचेत तिचा उभ्या रेघेचा स्वरित गेला. पुढचाही गेला. माझा हात वर झाला.

"थांब. परत पहिल्यापासून."

तिने डोळे उघडले. डब्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या ऋचेत तिथेच चुकली.