रक्ताचा आगाऊ हिशेब

पंचांग उघडून पुढचें पाहण्याची हौस आमच्या समाजांत जुनीच आहे. परंतु ज्या भविष्यावर उपाय नाहीं, तें जाणून फळ काय? वैद्यकशास्त्रानें मात्र उपायासह येणारें एक भविष्यगणित सिद्ध केलें आहे. तें वाचकांच्या कानीं घालावेंसें आम्हांस वाटतें.

हृदयाच्या बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांत हृदय थांबवून त्याचें काम यंत्राकडे सोंपवितात. यंत्राच्या नळ्या आधीं द्रवानें भराव्या लागतात. तो द्रव रोग्याच्या रक्तांत मिसळतो व रक्त पातळ होतें. तांब्याभर पाणी हंडाभर दुधांत खपून जाईल, वाटीभर दुधांत खपणार नाहीं. म्हणूनच कृश रोग्यास परक्याचें रक्त लागण्याचा संभव अधिक.

2006 सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील डॉक्टरांनीं याचें आठ कलमांचें कोष्टक प्रसिद्ध केलें: वय 65 हून अधिक, वजन 77 किलोहून कमी, स्त्रीदेह, हिमोग्लोबिन 13.5 हून कमी, मूत्रपिंडांचें कार्य मंद, पूर्वीं झालेली हृदयशस्त्रक्रिया, तातडीची शस्त्रक्रिया, आणि एकाच वेळीं एकाहून अधिक दुरुस्त्या. प्रत्येक कलमास एक गुण. आम्ही आयुष्यभर मुलांस गुण दिले. परंतु येथें अधिक गुण मिळणें हें भाग्याचें लक्षण नव्हे!

आमच्या थोरल्या वहिनींच्या हृदयाची झडप बदलण्याचें ठरलें, तेव्हां आम्ही हें कोष्टक मांडलें. वय, वजन, स्त्रीदेह आणि हिमोग्लोबिन मिळून चार गुण झाले. पहिलीं तीन कलमें आमच्या हातचीं नव्हतीं, चौथें होतें. हिमोग्लोबिन अवघें दहा! सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर उरलेल्यांत भागविणाऱ्या त्या. डॉक्टरांनीं तपासून लोहाची उणीव सांगितली. घाई नव्हती, म्हणून आधीं लोह देऊन मग दिवस नेमला. पुढें एकच पिशवी लागली. तें लोहामुळेंच, असें एका दृष्टांतावरून म्हणणें तर्कशास्त्रास धरून होणार नाहीं. तथापि उपाय शास्त्रसंमत होता, एवढें खरें.

ही एका घरची गोष्ट नव्हे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत, आपल्या देशांतील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकीं 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्त कारखान्यांत होत नाहीं. साठविलेल्या तांबड्या पेशीही फार तर 42 दिवस टिकतात. तेव्हां शस्त्रक्रियेचा दिवस विचारण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं हिमोग्लोबिनचा आंकडा विचारावा. आणि शस्त्रक्रियेची वाट न पाहतां घरांतील स्त्रियांचीं पानें पहिल्या पंक्तीस मांडावीं.