बोगनवेलीचं माहेरचं नाव

एक सिंपल प्रश्न. बोगनवेल या शब्दातला ‘वेल’ कुठून आला? सोप्पंय, म्हणाल. जाईची वेल, कारल्याची वेल, तशी बोगनची वेल. मग ‘बोगन’ म्हणजे काय हो? झाली ना पंचाईत!

अॅक्च्युअली, या ‘वेल’चा आपल्या वेलीशी काडीचाही संबंध नाही. लुई आंत्वान द बुगँव्हिल नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी होता. १७६६ ते १७६९ या काळात त्याने जगाला प्रदक्षिणा घातली. त्याच्या मोहिमेत ब्राझीलमधल्या रिओजवळ हे झाड सापडलं आणि कॅप्टनसाहेबांचं नाव त्याला चिकटलं. बुगनविलिया. ते मराठीत आलं, तेव्हा शेवटचं ‘विलिया’ ऐकून कुणीतरी म्हटलं असणार, अरे, ही तर वेलच! एका खलाशाची आपण वेल करून टाकली. मला तर हा मराठीचा सॉलिड फंडा वाटतो. त्यात झाड खरंच वेलासारखं चढतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

तशी ही बया आहेच फसवी. ती राणी कलरची फुलं ही फुलं नाहीतच. ती रंगीत पानं, बॉटनीवाले त्यांना छद म्हणतात. खरी फुलं म्हणजे त्यांच्या मधल्या पिटुकल्या पांढरट नळ्या. आणि लाड केले की ही रुसते. पाण्याचा ताण बसला की बहरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून ट्रेननं पाणी आलं, तेव्हा औसा रोडवर मामाच्या घरी आंघोळीला अर्धी बादली मिळायची. कंपाउंडवरची बोगनवेल मात्र नुसती उतू जात होती.

पण खरा किस्सा पुढेच आहे. झाडाला हे नाव दिलं फिलिबेर कॉमर्सों या मोहिमेवरच्या वनस्पतीतज्ज्ञानं. त्याच्याबरोबर एक मदतनीस होता. डोंगर चढणारा, सामान वाहणारा, नमुने गोळा करणारा. कॉमर्सों त्याला ओझ्याचं जनावर म्हणायचा. हा ‘तो’ म्हणजे जान बारे नावाची बाई होती! फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाच्या कपड्यांत चढलेली. १७६८ मध्ये ताहितीत बिंग फुटलं. रिओला असताना कॉमर्सोंचा पाय बिघडलेला होता. त्यामुळे बोगनवेलीची ती फांदी बहुतेक तिनेच तोडून आणली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. पुढे कॉमर्सों मॉरिशसला वारला आणि ती फ्रान्सला परतली. जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. कॉमर्सोंनं एका झाडाला तिचंही नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही. कॅप्टनचं टिकलं.

आता हे सगळं मी आत्ताच का उकरतेय? कारण डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. सासर लातूर, आईच्या माहेरच्याच गावात. मागच्या आठवड्यात होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. अगदी प्रेमानं विचारलं, ‘‘ताटातल्या तांदळात काय नाव काढायचं बेटा? एखादं छानसं सांगून ठेव.’’ नवरोबा कूल आहेत, ‘‘तुझी मर्जी’’ म्हणून मोकळे. पण सहा वर्षं फ्रीलान्सिंग करतेय. ऑफिस नाही, व्हिजिटिंग कार्डवर हुद्दा नाही. लेखाखाली छापून येणारं नाव, एवढीच माझी इस्टेट!

माझ्या आईचं माहेरचं नाव शेवंता. नांदेडला लग्न होऊन आली आणि ते गावठी वाटलं म्हणून तांदळात ‘स्मिता’ निघालं. दहावीचं सर्टिफिकेट शेवंताचं, रेशनकार्ड स्मिताचं. बँकेत दोन्ही एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करायला तिनं प्रतिज्ञापत्र केलं. मामा अजून शेवंते म्हणून हाक मारतो, तेव्हा ती एकदम वेगळ्या आवाजात ‘ओ’ देते. मी लहानपणापासून ऐकतेय तो आवाज.

परवा भाजी निवडताना तिला जान बारेची स्टोरी सांगितली. शेवट असा की, २०१२ मध्ये संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका नव्या वनस्पतीला तिचं नाव दिलं, सोलॅनम बारेटी. म्हणजे आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली.

आईनं हातातलं वांगं फिरवून पाहिलं. ‘‘दोन-अडीचशे वर्षांनी का होईना, लागलं की बाईचं नाव. भले वांग्याच्या भावकीत,’’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, खाली बघूनच, ‘‘सासूबाईंना काय सांगायलीस?’’

‘‘आहे तेच काढा म्हणते.’’

‘‘मग मला फोन लावून दे. मीच बोलते.’’