राबत्यापुरते दरवाजे

१/६ शहापूरच्या क्षितिजावर माहुलीचे सुळके उभे आहेत. १६३६ साली याच गडावर मोगल व आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना वेढले. गड सोडावा लागला आणि निजामशाही संपली. पुढे १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी माहुलीवर चढाई केली, तेव्हा मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. चढाई फसली.

२/६ त्यानंतर मनोहरदासाने किल्लेदारी सोडली. जूनमध्ये माहुली मराठ्यांच्या हाती आली. तट तेच होते, कडे तेच होते. बदलला होता तो राखणारा. एका माणसाच्या जागरूकतेवर उभी असलेली सुरक्षा त्या माणसाबरोबरच गड उतरते.

३/६ अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात यावर तोडगा सापडतो. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. मात्र नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्याच वाटा खुल्या ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्यात. किल्लेदार दक्ष असो वा गाफील, चिणलेला दरवाजा बंदच राहतो.

४/६ संगणकाच्या जगात यालाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात. जावासारख्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला गूढलेखनाचे गणित ठाऊक नसते. हाती येते तेच तो वापरतो. ‘एमडी५’ ही पद्धत मजकुराचा छोटा ठसा काढते आणि डिजिटल सही त्या ठशावर होते. दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा निघू शकतो, हे २००४ साली सिद्ध झाले. तरीही ती पद्धत वापरातून जाईना.

५/६ अखेर २०१७ च्या एप्रिलपासून जावाने एमडी५ वर आधारलेली सही असलेली जार फाईल सही नसलेलीच मानली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘टीएलएस १.०’ व ‘१.१’ या जुन्या संपर्कवाटाही मुळातच बंद ठेवल्या. याची किंमत असते: जुनी यंत्रे वेशीबाहेर अडकतात. गरज पडल्यास वाट पुन्हा उघडता येते. पण ती कुणीतरी जाणूनबुजून उघडावी लागते.

६/६ महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यासाठी तो उतारा म्हणजे जमिनीच्या हक्काचा आधार. अशा कोणत्याही सहीमागचे गणित कच्चे निघाले, तर खोटा कागद खऱ्यासारखाच दिसेल आणि तो ओळखण्याचे साधन त्या शेतकऱ्यापाशी नसेल. पहारा त्याच्यावर सोपवून भागत नाही. दरवाजा त्याच्या येण्याआधीच चिणलेला असावा लागतो.