लाल गेटचं पाणी

स्लॅलम, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या गेटांतून होडी काढायची शर्यत, हिरव्या गेटांवर क्वचितच हातची जाते. तिथे धारेबरोबर जायचं असतं, निम्मं काम पाणीच करतं. मुलं अडतात ती लाल गेटवर, धारेच्या उलट चढायच्या ठिकाणी. खांबाला नुसता खांदा घासला तरी दोन सेकंद चढतात, गेट हुकलं तर पन्नास. टोकियो ऑलिम्पिकच्या महिला कयाक फायनलमध्ये जेसिका फॉक्सची वेळ दोन स्पर्शांचे चार सेकंद धरून १०६.७३ झाली, सुवर्ण रिकार्डा फुंकला मिळालं, १०५.५० सेकंदांत. ते चार सेकंद वजा केले तर पहिली जेसिकाच येते. ऑलिम्पिक फायनल गाठणाऱ्या तिच्यासारखीचं हे होतं, तर आपल्याकडच्या सतरा वर्षांच्या पोराला 'दंड कमावून ये, मग बघू' असं सांगणं मला पटत नाही. त्याच्या दंडात बळ आहे. कमी पडते ती नजर, आणि नजर रोजच्या वाहत्या पाण्याशिवाय तयार होत नाही.

लाल गेटपाशी घडतं ते असं. खडकाच्या आडोशाला पाणी उलटं फिरून वर येतं; आम्ही त्याला एडी म्हणतो. मुख्य धार आणि एडी यांच्यामध्ये हातभर रुंदीची शिवण असते, तिच्यावर बारीक बुडबुडे आणि वाटीएवढे भोवरे. नाळ शिवणीपलीकडे गेली की एडी तिला वर ढकलते, शेपटी मात्र अजून धारेत असते, आणि होडी आपोआप फिरू लागते. त्याच क्षणी कंबरेतून वळणाच्या आत कलायला हवं, नाहीतर एडीचं पाणी कड धरून उलथवतं. पॅडलचं पातं एडीत वरच्या बाजूला रोवायचं आणि त्याच्याभोवती होडी फिरू द्यायची. जरा लवकर वळलात तर आतला खांब खांद्याला लागतो. जरा उशीर झाला की होडी गेटच्या खाली वाहून जाते आणि तेवढं पुन्हा वर मारावं लागतं. शिवण एका जागी राहत नाही. ती श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. इतकी वर्षं या खेळात काढूनही, ती कधी आत येईल हे शब्दांत कसं सांगायचं ते मला साधलेलं नाही.

वाहत्या पाण्याच्या या आग्रहावर पहिला आक्षेप ठाण्यातूनच येतो: उपवन किंवा मासुंदा तळ्यावर दोऱ्या ताणून गेटं टांगली तर? टांगावीत. युरोपातले क्लबही सपाट पाण्यावर मेहनत घेतात. त्याने पातं रोवायची सवय लागते, मान वळते. पण तळ्यात शिवण नसते. तळ्यावर सुरेख वळणारा मुलगा धारेत उतरला की आधी खांबाकडे बघतो. बघायचं असतं बुडबुड्यांकडे. दुसरा आक्षेप पावसाळ्याचा: कर्जतला उल्हासात राफ्टिंग चालतंच की. पण पुराच्या गढूळ पाण्यात सकाळची एडी दुपारी सापडत नाही, मग तेच वळण चाळीसदा गिरवायचं कुठे? वर पुराचा धोका खराच आहे, आईबाप घाबरतात ते योग्यच. कोलाडची कुंडलिका त्या मानाने भरवशाची, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर वाहणारी. पण डोंबिवलीच्या मुलाचा तिथे अख्खा दिवस जातो. नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेत २०२३ साली खेलो इंडियाच्या स्पर्धा झाल्या, पाणी अस्सल आहे. पण आपली मुलं तिथे पोचतात ती शिबिरापुरती.

तरी शिकवायला मोठंच पाणी हवं असं आपण धरून चालतो. मोठ्या पाण्याचं हे वेड शिकवणाऱ्यांच्या अहंकारातून येतं. लाटेत गुडूप होऊन बाहेर आलेल्या होडीवर काठावरून टाळ्या पडतात, छोट्या धारेवर तेच वळण तासभर घोटणाऱ्याकडे कोणी बघत नाही. खांदा धड होता तोवर त्या टाळ्या मलाही फार हव्या असायच्या, आणि शिकवतानाही मी मुलांना तेच वेड दिलं, हे मी लपवत नाही.

छोटी धार आपल्या दारात आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा जलाशयाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि उल्हासला मिळतं. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला पाणी देणारी नदी ती हीच. पिण्याच्या पाण्यात खेळ कसला, असं कोणी विचारेल. होडीला इंजिन नाही, तेल नाही. जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा आइसकॅनाल तर मुळात लेक नदीतला बर्फ पाणीपुरवठा केंद्रापासून दूर वळवण्यासाठी होता. १९७२ साली ऑलिम्पिकमधला पहिला स्लॅलम त्याच जागी झाला. उल्हास घाण आहे म्हणाल, तर मोहोन्याजवळची जलपर्णी खालच्या अंगाची. कर्जतकडे वरचं पाणी पुष्कळ बरं आहे.

लागेल ते फार नाही. दोन तारा, सहा गेटं, फेकदोर घेऊन काठावर उभा असलेला एक जाणता माणूस, आणि पाणी कधी सुटणार हे आदल्या संध्याकाळी कळवणारा एक फोन. साडेतीन मीटरची होडी लोकलच्या डब्यात मावत नाही, म्हणून ती ठेवायला नदीकाठी एक शेड. मुलगा हेल्मेट आणि लाइफ जॅकेट पाठीला लावून पहाटेच्या कर्जत लोकलने येईल.